वाट पाहणारी डबी

वर्कशॉपमध्ये तिला सगळे मुंगी म्हणायचे. हे नाव ठेवलं वस्तादाने, ती कामाला लागली त्याच आठवड्यात. एका उंच पॅनेलच्या तळाशी, जाड केबली आत शिरतात त्या अरुंद कप्प्यात, एक नट पडला होता. दोन दांडगे फिटर आळीपाळीने पालथे पडून त्यात हात घालत होते. एकाचं मनगट अडकायचं, दुसऱ्याचा खांदा. ही मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "सरका जरा." मग डोकं, खांदे, कंबर अशी सरसर आत गेली आणि नट घेऊन, केसांवरची धूळ झटकत बाहेर आली.

"बाई आहे का मुंगी?" वस्ताद म्हणाला. झालं. तेव्हापासून पगाराच्या कागदावर जे काही नाव असेल ते असो, बोलावताना मुंगीच. तिलाही त्याचं वाईट वाटलं नाही. उंची जेमतेम, अंगात मांस म्हणून नाही. लहानपणापासून तिला 'काडी', 'चिमणी', 'अर्धं तिकीट' सगळं म्हणून झालं होतं. त्यात मुंगी बरी. निदान कामाची तरी आहे.

आधी ती शिवणकामाच्या कारखान्यात होती. तो बंद पडला. नवरा शहरबस चालवायचा, मुलगी शाळेत जायला लागलेली, सासरे दमेकरी. एकाच्या कमाईत भागणारं घर नव्हतं. शेजारणीने सांगितलं, की पलीकडच्या गल्लीत विजेची कंट्रोल पॅनेलं बनवतात, तिथे वायरिंगला बारीक हाताच्या बायका हव्यात. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "कपडे शिवून झाले, आता वीज शिवणार वाटतं!"

"जमली तर शिवीन," ती म्हणाली.

पॅनेल म्हणजे बाहेरून पाहिलं तर साधं लोखंडी कपाट. राखाडी रंगाचं, दारावर दोन-चार दिवे, एखादी मूठ. पण वस्तादाने तयार झालेल्या एका पॅनेलचं दार उघडून दाखवलं आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. आत शेकडो तारा होत्या. आणि त्या तारा विंचरलेल्या केसांसारख्या, एकही बट इकडची तिकडे नाही अशा, खालपासून वरपर्यंत गेलेल्या. जिथे वळायचं तिथे सगळ्या मिळून वळलेल्या. प्रत्येकीच्या टोकाला नंबराची छोटी पिवळी नळी. पोटात एवढा पसारा घेऊन हे कपाट बाहेरून इतकं शांत कसं दिसतं, याचंच तिला नवल वाटलं.

वस्ताद साठीकडे झुकलेला, जाड भिंगाचा चष्मा लावणारा, बोलायला तिखट माणूस. शिकवायचा मात्र जीव तोडून. "तार सोल. टोकाला लग, ही तांब्याची टोपी, बसवून दाब. स्क्रू आवळ. आणि मग तार ओढून बघ."

"प्रत्येक तार ओढायची?" पुढ्यातला ढीग बघून तिने विचारलं.

"नाही गं, प्रत्येक कशाला? जिच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे तेवढीच ओढ. ती कोणती, ते मला सांग."

ती प्रत्येक तार ओढायला लागली.

काम हाताला बसलं तसे तिला प्रश्न पडायला लागले. दिव्याची तार कळायची, मुठीची कळायची. पण जवळजवळ प्रत्येक मोठ्या पॅनेलच्या दारावर एक काळी डबी बसवायची असायची, तळहाताएवढी, पुढे छोटा पडदा आणि मागे तारांचं जंगल. सगळ्यात जास्त मेहनत तिच्यावर. एकदा चहाच्या वेळी तिने विचारलंच.

"वस्ताद, ही डबी करते काय?"

"काही करत नाही."

"काहीच नाही?"

"बसून राहते. वाट बघते. बाहेर कुठे केबल फुटली, मोटर जळायला लागली, कुणाचा हात लागला, की ओरडते. त्या दिवसापर्यंत गप्प."

"आणि तो दिवस आलाच नाही तर?"

"तर जन्मभर गप्प. ते सगळ्यात चांगलं."

मुंगीला हसू फुटलं. "म्हणजे आमच्या मामंजींसारखीच. तेही दिवसभर दाराशी खुर्ची टाकून कोण येतं-जातं बघत बसतात. पण ते निदान बोलतात तरी."

टेस्टिंगवाली इंजिनिअर शेजारीच होती. वयाने तरुण, कानामागे पेन्सिल, सगळ्यांशी नीट बोलणारी. ती हसली, आणि चहाचा कप खाली ठेवून तिने मुंगीला हाताला धरून टेस्टिंगच्या जागेकडे नेलं. तिथे एक पॅनेल तपासणीसाठी उभं होतं, बाजूला ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा स्विच. "मुंगीताई, हे बघा. जाड केबलभोवती हे कडं बसतं. केबलमधून किती वीज चाललीय ते कडं डबीला सांगत राहतं. डबी ऐकत राहते. गडबड वाटली की डबी या तारेवरून ब्रेकरला हुकूम सोडते, आणि ब्रेकर वीज तोडतो. आता मी डबीला खोटंच सांगणार आहे, की बाहेर केबल फुटलीय. तुम्ही ब्रेकरकडे बघा. पापणी लवू देऊ नका."

मुंगीने डोळे ताणले. इंजिनिअरने बटण दाबलं, आणि त्याच क्षणी धाडकन आवाज झाला. लोखंडाचा लोखंडावर. पायाखालची फरशी हादरली. मुंगी मागच्या खुर्चीवर जाऊन आदळली.

"दिसलं?"

"काय दिसणार? तुम्ही बटण कधी दाबलंत आणि ते कधी झालं!"

"तेच तर," इंजिनिअर म्हणाली. "आपली पापणी लवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. मी इतकी वर्षं हे करते, पण दर वेळी अंगावर काटा येतो माझ्या."

त्या दिवसापासून डबीच्या मागच्या तारा लावताना मुंगी बोलायची बंद झाली. इतर वेळी तोंडाचा पट्टा चालूच. पण डबी आली की गप्प.

तरी एक गोष्ट होती. तिने बनवलेलं एकही पॅनेल तिने जिवंत पाहिलेलं नव्हतं. वर्कशॉपमधून ती मुकी कपाटं ट्रकवर चढायची, ताडपत्रीखाली जायची आणि दिसेनाशी व्हायची. कोणतं कुठे उभं आहे, त्यातून काय चालतं, कुणाला ठाऊक. लेकी सासरी पाठवाव्यात आणि पुन्हा खुशाली कळू नये, तसं.

मग शहराच्या पंपघराचं काम आलं. अर्ध्या शहराला पाणी चढवणारे मोठे पंप, त्यांच्यासाठी एका रांगेत उभी करायची पॅनेलं. त्या रांगेतल्या बहुतेक तारा मुंगीच्या हातून गेल्या. पॅनेलं गेली, बसली, चालूही झाली. काही महिन्यांनी निरोप आला, की दुसऱ्या पंपाच्या पॅनेलमध्ये मागच्या बाजूने काही तारा वाढवायच्या आहेत, आणि तिथे भिंत आणि पॅनेल यांच्यात मांजर जेमतेम जाईल एवढीच जागा आहे.

"मग मांजर कशाला?" वस्ताद म्हणाला. "आपल्याकडे मुंगी आहे."

वस्ताद, इंजिनिअर आणि मुंगी असे तिघे सकाळी पंपघरात पोचले. आवाज अंगणापासूनच ऐकू येत होता. कानात कमी आणि छातीत जास्त, असा. आत उंच हॉल, जमिनीखाली पाण्याच्या टाक्या, हत्तीच्या पायाएवढे पाइप. आणि समोर तिची रांग. तीच कपाटं, पण आता दारांवर लाल दिवे पेटलेले, पडद्यांवर आकडे हलत होते आणि आतून बारीक गुणगुण येत होती. मुंगी दारातच थबकली. एवढी वीज आपण लावलेल्या कड्यांतून, आपण आवळलेल्या स्क्रूंच्या शेजारून वाहतेय, आणि तिच्या जोरावर एवढं पाणी टेकडीवर चढतंय! तिला पुढे पाऊल टाकवेना.

"घाबरलीस?" वस्तादाने विचारलं.

"घाबरले नाही. पण चपला काढाव्यात असं वाटतंय."

"चपला काढायच्या नाहीत. रबरी बूट घाल."

पंपघर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे पंपकाका म्हणत. गोल पोटाचे, प्रेमळ गृहस्थ. त्यांनी दुसरा पंप बंद केला. इंजिनिअरने त्या पॅनेलची वीज तोडली, तपासली, कुलूप घातलं आणि किल्ली मुंगीच्या हातात ठेवली. "ही तुमच्या खिशात. तुम्ही बाहेर येऊन स्वतः काढल्याशिवाय हे कुलूप निघणार नाही, मी काय, मालक आला तरी." मुंगीने किल्ली खिशात टाकली, वरून चाचपली, आणि भिंतीलगत आत शिरली.

पहिला पंप चालूच होता. दुपारपर्यंत काम निम्म्यावर आलं. बाहेर आवारात नवा पाइप टाकायला खोदकाम चाललं होतं. खोदाईच्या मशीनची घरघर मधूनमधून ऐकू यायची. मुख्य पॅनेलमधून निघून पंपांना वीज नेणारी केबल आवारात जमिनीखालून कुठून गेली आहे ते दाखवणारे दगड पुरलेले होते. पण मध्यंतरी वाळू टाकायला आलेल्या ट्रकने त्यातला एक उखडला, आणि कुणीतरी तो सद्हेतूने, पण भलत्याच ठिकाणी परत रोवून ठेवला होता. हे नंतर कळलं.

मुंगी शेवटून दुसरी तार आवळत होती. अचानक बाहेर कानठळ्या बसवणारा स्फोट झाला, खिडक्यांतून निळापांढरा उजेड लखकन आत आला, आणि त्याच्या पोटातच शेजारच्या मुख्य पॅनेलमधून तो ओळखीचा आवाज. धाड! लोखंडावर लोखंड. दिवे गेले. पंप थांबला. पाइपमधलं पाणी उलटं फिरून झडपेवर आपटलं, जमीन एकदा हुंकारल्यासारखी झाली, आणि मग शांतता. इतक्या आवाजानंतरची ती शांतता अंगावर येणारी होती.

मुंगी सरपटत बाहेर आली. अर्धवट अंधारात काळ्या डबीचा पडदा तेवढा तेजाळत होता. डबीला आणि ब्रेकरला बळ देणाऱ्या बॅटऱ्या वेगळ्या खोलीत असतात, बाहेरची वीज गेली तरी त्या दोघांना फरक पडत नाही. डबीवर लाल खूण पेटली होती. मुख्य ब्रेकर उघडला होता.

तेवढ्यात पंपकाका धावत आले. इतक्या वर्षांची सवय. पंप थांबला की पाच मिनिटांत टेकडीवरून फोन येणार, पाणी का बंद. काय झालंय हे न बघताच त्यांनी मुख्य पॅनेलची मूठ धरली आणि 'चालू'कडे फिरवली.

खट्. काही झालं नाही.

पुन्हा फिरवली. पुन्हा नुसतं खट्.

"हात काढा!" इंजिनिअर दारातून किंचाळत आत आली. ती बाहेरच होती, तिने सगळं पाहिलं होतं. "काका, हात काढा! मशीन केबलवर आहे! मशीनमध्ये माणूस आहे!"

पंपकाकांचा हात तवा लागल्यासारखा मुठीवरून निघाला. ते भिंतीला टेकले आणि तसेच खाली बसले. त्यांनी वीज सोडली होती. दोनदा. पण पॅनेलने त्यांचं ऐकलं नव्हतं. एकदा धोका पाहिला, की कुणीतरी शहाण्याने येऊन, बघून, मुद्दाम मोकळीक देईपर्यंत ब्रेकर जोडूच द्यायचा नाही, असा बंदोबस्त त्यात केलेला होता. तोही मुंगीनेच तारांनी जोडलेला.

पण त्या वेळी हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. बाहेरून एका बाईची किंकाळी आली, आणि मुंगी तिकडे पळाली.

आवाराच्या मधोमध मशीन उभं होतं. त्याचा पंजा खड्ड्यात, पंजाचा एक दात वितळून मेणासारखा ओघळलेला, आणि खड्ड्यातून काळा धूर. वर केबिनमध्ये मशीनवाला बसला होता. जिवंत. डोळे विस्फारलेले, दातखीळ बसलेली, दोन्ही हात दांड्यांवर तसेच. त्याची बायको त्याच कामावर पाइप धुवायला होती, ती "अहो! अहो!" करत मशीनकडे धावत सुटली होती. तिला बघून तोही भानावर आला आणि उतरायला दार उघडू लागला.

केबल मेली आहे की जिवंत, हे बाहेर कुणालाच सांगता येत नव्हतं. लोखंडी मशीन त्या केबलला टेकलेलं. आत बसून आहे तोवर माणूस बरा; पण एक पाय जमिनीवर आणि एक हात मशीनवर, की संपलं. हे मुंगीला माहीत होतं. वर्कशॉपमध्ये वस्तादाने कितीदा सांगितलेलं.

"उतरू नका!" ती ओरडली. "आतच बसा! कशाला हात लावू नका!"

एवढ्याशा बाईच्या गळ्यातून एवढा आवाज निघू शकतो, हे तिलाही नवीन होतं. मशीनवाला दारात गोठला. पण बायको थांबेना. मुंगीने धावत जाऊन मागून तिच्या कमरेला मिठी मारली. ती बाई हिच्या दीडपट. तिने हिला चार पावलं फरपटत नेलं, हातांवर ओरखाडे काढले, शिव्या दिल्या. मुंगीने पाय मातीत रोवले, तिच्या मनगटाला पकड घातली आणि डोळे मिटून घेतले.

"सोड मला! माझा माणूस आहे तो!"

"म्हणूनच धरलंय, ताई. म्हणूनच धरलंय."

आत इंजिनिअर आणि वस्ताद घाई न करता, एकेक गोष्ट मोठ्याने म्हणत, करत होते. ब्रेकर उघडा आहे, बघितलं. ब्रेकर पॅनेलमधून बाहेर ओढला. केबलमध्ये वीज नाही, तपासलं. केबल जमिनीला जोडली. कुलूप. मुंगीला हे ऐकू येत होतं आणि एकेक शब्द सरता सरत नव्हता. शेवटी वस्ताद दारात आला. चष्मा कपाळावर.

"मेली केबल! उतरू दे त्याला!"

मुंगीने हात सोडले. मशीनवाला पायरी चाचपत उतरला, जमिनीवर उभा राहिला आणि तिथेच मातीत बसला. बायको त्याच्यापर्यंत पोचली आणि आधी तिने त्याच्या पाठीत दणादण गुद्दे घातले. "डोळे कुठे होते? मला काय तोंड दाखवणार होतास?" 'अहो'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मग तिने त्याला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडली. बघणाऱ्यांतले निम्मे हसत होते, निम्मे डोळे पुसत होते.

पाणी पिऊन जरा सावरल्यावर मशीनवाला आत आला. म्हणाला, "मला फक्त उजेड दिसला. पुढचं काही आठवत नाही. कुणी बंद केली वीज?"

"कुणीच नाही," इंजिनिअर म्हणाली. "बंद करायला कुणाला वेळच नव्हता." तिने डबीचा पडदा त्याच्यासमोर केला. डबीने सगळं लिहून ठेवलं होतं: केबल कधी फुटली, हुकूम कधी सुटला, ब्रेकर कधी उघडला. सगळं मिळून एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. "नशीब होतंच. लोखंडी केबिनही होती. पण ही आग आणखी दोन-तीन सेकंद चालली असती ना, तर केबिनपर्यंत आली असती."

"काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," पंपकाका खालच्या आवाजात म्हणाले.

मशीनवाला त्या डबीकडे बघत राहिला. "एवढीशी ही?"

"ही, आणि हिच्या मागची एक तार," वस्ताद म्हणाला. त्याने दार उघडलं आणि बोट ठेवून दाखवली. डबीकडून ब्रेकरकडे जाणारी, इतर शेकडो तारांसारखीच एक राखाडी तार. "हुकूम हिच्यावरून गेला. ही हिने लावलीय." आणि मुंगीकडे मान केली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पण मुंगीला ती तार आठवेना. कितीही आठवलं तरी नाही. कुठल्या दिवशी लावली, सकाळी की जेवणानंतर, त्या वेळी डोक्यात काय होतं. मुलीचा ताप? सासूबाईंशी झालेला वाद? कुठल्याशा साध्या दिवशी, साध्या स्क्रूखाली तिने ती तार सरकवली असेल, आवळली असेल, ओढून बघितली असेल. बघितली होती ना? बघितलीच असणार, नाहीतर हा माणूस समोर पाणी पीत उभा नसता. आठवण कुठेच नव्हती. तार मात्र जागेवर होती.

तिने पुढे होऊन त्या तारेवर एक बोट ठेवलं. वस्तादाने पॅनेलचं दार तिच्यासाठी उघडंच धरून ठेवलं.

केबल जोडायला संध्याकाळ झाली. राहिलेली तार लावून, स्वतःच्या किल्लीने कुलूप काढून मुंगी घरी पोचली तेव्हा सासूबाई रिकामे हंडे मांडून नळाशी बसल्या होत्या. "दुपारपासून थेंब नाही. झोपले होते वाटतं ते पंपघरवाले!"

"कुणी झोपलं नव्हतं, सासूबाई," ती म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून सगळं सांगितलं. मामंजी खुर्ची जवळ ओढून ऐकत होते. नवरा ड्यूटीवरून आला होता, तो उभ्यानेच ऐकत राहिला.

"मग, तू काय केलंस?" त्याने विचारलं.

ती हातावरचे ओरखाडे बघत म्हणाली, "मी? मी बाईला धरून ठेवलं."

नळाने आधी फुर्र केलं, मग खोकला काढला, मग गढूळ पाणी आलं आणि हळूहळू स्वच्छ झालं. गल्लीभर आरोळी उठली, "पाणी आलं!" सासूबाईंनी हंडा लावला, पण तो भरला तरी सरकवायचं त्यांना सुचेना. पाणी वाहून चाललं आणि त्या नळाकडे बघत राहिल्या. "एवढ्या लांबून येतं होय गं हे," त्या शेवटी म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मशीनवाला आणि त्याची बायको वर्कशॉप शोधत आले. सोबत डझनभर केळी. बायकोच्या मनगटावर मुंगीच्या बोटांचे निळे वळ अजून होते, मुंगीच्या हातावर तिचे ओरखाडे. दोघींनी एकमेकींना ते दाखवले आणि हसल्या. मग त्या बाईला 'ती डबी' बघायची होती. अर्धवट झालेल्या एका पॅनेलसमोर मुंगीने तिला उभं केलं. बाईने वाकून, डबीला जवळजवळ कान लावला.

"काही आवाज येत नाही."

"हिच्यात अजून जीव घातला नाही," मुंगी म्हणाली. "आणि घातला तरी येत नाही."

"ही कुठे जाणार?"

"माहीत नाही. आम्हाला सांगत नाहीत."

बाई सरळ झाली. पॅनेलच्या उघड्या पाठीतून लोंबणाऱ्या, अजून न लागलेल्या तारांकडे तिने नीट बघितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "चला हो, निघू. त्यांना काम करू द्या."

ते गेले. मुंगीने एक केळं खाल्लं, हात पुसले, आणि पुढची तार सोलायला घेतली.